फ्रँकनपॅड

जुन्या लॅपटॉपचा सांगाडा, पडदा किंवा कळफलक कायम ठेवून त्यात दुसऱ्या, बहुधा नंतरच्या मॉडेलचे भाग बसवून तयार केलेला लॅपटॉप. ही संज्ञा मुख्यतः थिंकपॅड (आयबीएम, १९९२, २००५ पासून लेनोव्हो) मालिकेपुरती वापरतात. नुसती रॅम वाढवणे वा एसएसडी घालणे यात मोडत नाही.

‘फ्रँकेन्स्टाइन’ आणि ‘थिंकपॅड’ यांच्या संयोगातून हे नाव बनले. मेरी शेली यांच्या कादंबरीत (१८१८) फ्रँकेन्स्टाइन हा निर्माता, निर्मिती नव्हे. त्या हिशेबाने नाव जोडणाऱ्याला शोभले असते. मूळ अर्थाने फ्रँकनपॅड म्हणजे टी६० व टी६१ या थिंकपॅड मॉडेलांची जोडणी, असे काही जाणकार मानतात. टी६१ बाजारात आला २००७ मध्ये, तेव्हा ही जोडणी त्याआधीची असू शकत नाही. टी६० चा १५ इंची, ४:३ प्रमाणाचा आयपीएस पडदा (कोणत्याही कोनातून रंग नीट दिसणारा; १६००×१२०० पिक्सेलपर्यंत) हौशींना सोडवत नव्हता; पण टी६० चा चिपसेट (प्रोसेसर आणि रॅम यांना जोडणाऱ्या चिप) जेमतेम ३ जीबी रॅम वापरू देई. टी६१ च्या १४ इंची, ४:३ आवृत्तीचा मदरबोर्ड किरकोळ कापाकापी करून त्याच सांगाड्यात बसतो आणि ८ जीबीपर्यंत रॅम चालवतो.

दुसरा पक्ष व्याख्या सैल करतो. एक्स२३० (२०१२) या थिंकपॅडमध्ये आधीच्या एक्स२२० चा सात ओळींचा कळफलक बसवणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण. कळफलकाच्या खालच्या बाजूचे प्लास्टिक थोडे तासावे लागते आणि जोडणीतील काही पिनांवर चिकटपट्टी लावावी लागते, नाहीतर शॉर्ट सर्किट होण्याची भीती. एवढे करूनही काही कळा भलतेच काम करतात. कारण कळांची मांडणी एम्बेडेड कंट्रोलरच्या (कळफलक सांभाळणाऱ्या छोट्या चिपच्या) फर्मवेअरमध्ये, म्हणजे तिच्यात साठवलेल्या प्रणालीत, असते व तेही बदलावे लागते. कसोटी लागते ती इथे, पेचकसाच्या कामात नाही.

५१एनबी या चिनी हौशी गटाने तर सांगाडा जुना ठेवून मदरबोर्डच नवा घडवला. त्यांच्या एक्स२१० मध्ये एक्स२००/एक्स२०१ च्या कवचात आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर बसतो. याला फ्रँकनपॅड म्हणावे का, यावर एकमत नाही. दोन्ही अंगे कारखान्यातून आलेल्या यंत्रांची असावीत, ही अट मानली तर एक्स२१० बाहेर पडतो; प्रस्तुत नोंदीचा कल त्याच बाजूला आहे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर व दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये दोन बंद लॅपटॉपांतून एक चालू करून विकण्याची रीत वेगळी. तिथे प्रश्न किमतीचा असतो, आवडीचा नव्हे, आणि ‘फ्रँकनपॅड’ हा शब्दही सहसा कानावर पडत नाही. मात्र मदरबोर्ड बदललेला असेल, तर खूण एकच: तळाच्या स्टिकरवर एक मॉडेल, बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत) दुसरे.