डेटाबेसच्या दारात आलंय कोण?

आमच्या सोसायटीच्या गेटवर वही असते, नाव काय, कुणाकडे जायचंय हे लिहिल्याशिवाय वॉचमनकाका कुणाला आत सोडत नाहीत. डेटाबेस सर्व्हरचा लॉग, म्हणजे तिथे काय काय घडलं त्याची नोंद, ही तशीच वही, पण बऱ्याच ऑफिसांत त्यातला नावाचा रकानाच नसतो.

मागे एकदा रात्री दोनला फोन आला, अंधेरीच्या ऑफिसातला पोस्टग्रेस या डेटाबेसचा सर्व्हर धापा टाकतोय. लॉग उघडला तर एकच क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, परत परत येतेय आणि दरवेळी लटकतेय, पण पाठवतंय कोण? युजर सगळ्या ॲप्सचा एकच, आयपी पत्तापण एकच, कारण मध्ये कनेक्शन पूलर (सगळ्या ॲप्सची कनेक्शन्स एकत्र करून सर्व्हरकडे नेणारा प्रोग्राम) बसलेला, म्हणजे वीस माणसं एका टेम्पोतून उतरली आणि वहीत फक्त टेम्पोचा नंबर लिहिला तसं झालं. पहिली लोकल सुटायच्या वेळेला सापडलं, कुणाचीतरी जुनी रिपोर्टची स्क्रिप्ट होती.

खरं तर उपाय २०१० पासून आहे. पोस्टग्रेसच्या ९.० व्हर्जनमध्ये ॲप्लिकेशन नेम नावाची सेटिंग आली, कनेक्शन स्ट्रिंगमध्येच, म्हणजे सर्व्हरला जोडताना दिलेल्या माहितीच्या ओळीतच, ॲपने आपलं नाव सांगायचं, बस. पीएसक्यूएल आणि पीजी डंप ही पोस्टग्रेसची स्वतःची टूल्स स्वतःहून सांगतात, आपण लिहिलेल्या ॲपला मात्र आपणच सांगायला लागतं. पीजीबाउन्सर हा पूलरसुद्धा ते नाव पुढे सर्व्हरपर्यंत पोचवतो. पण ते लॉगमध्ये आपोआप छापलं जात नाही हां! लॉगच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला काय छापायचं ते ठरवणाऱ्या लॉग लाइन प्रीफिक्स या सेटिंगमध्ये टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून स्मॉल ए टाकावा लागतो, नाहीतर ओळीच्या सुरुवातीला नुसती वेळ आणि प्रोसेस नंबर.

नाव ६३ अक्षरांत बसवा आणि इंग्रजी लिपीतच ठेवा. मी हौसेने देवनागरीत 'हिशोब' लिहिलं तर लॉगमध्ये नुसती प्रश्नचिन्हांची रांग आली, १६ व्या व्हर्जनपासून त्याजागी हेक्स कोड, म्हणजे अक्षरांचे आकडी कोड, येतात, तेही वाचता येत नाहीतच. मला याचं खरंच वाईट वाटतं.

आणि हे नाव ॲप सांगेल ते, सर्व्हर काही तपासत नाही. वहीत कुणीही 'जोशींकडे' लिहून आत जाऊ शकतो ना, तसंच. म्हणून चोर पकडायचा असेल तर नुसत्या नावावर जाऊ नका, प्रत्येक ॲपला वेगळा युजर आणि वेगळा पासवर्ड द्या. आमच्याकडे आता रिपोर्टवाल्या स्क्रिप्टला दोन्ही आहेत, स्वतःचं नाव आणि स्वतःचा युजर, आणि रात्री ती अडकली की लॉगच्या पहिल्याच ओळीत दिसते.