तापलेले पाणी आणि आरओचे मेंब्रेन

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी अंगावर घ्यायलाही नकोसे होते. उजनीचे पाणी अनेक वस्त्यांत काही दिवसांआड येत असल्यामुळे ते साठवण्यावाचून इलाज नसतो आणि हेच तापलेले पाणी स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्रात शिरते. घरगुती यंत्रांच्या माहितीपत्रकात येणाऱ्या पाण्याची कमाल मर्यादा बहुधा ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या आसपास दिलेली असते, तर मेंब्रेनचे, म्हणजे यंत्रातल्या पाणी गाळणाऱ्या पडद्याचे, उत्पादक सहसा ४५ अंशांपुढे जाऊ नका असे बजावतात. मुख्य टाकीपेक्षा गच्चीवर उघड्यावर पसरलेला पाइप अधिक तापतो, कारण त्यात पाणी थोडे आणि ऊन खाणारा पृष्ठभाग मोठा असतो.

नुकसान होत असताना यंत्र मात्र उत्तम चालल्यासारखे दिसते, आणि मला यातच खरा धोका वाटतो. तापलेले पाणी पातळ होते: २५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांना त्याचा वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध सुमारे एक तृतीयांशाने कमी असतो. त्यामुळे दर अंशामागे मेंब्रेनमधून साधारण ३ टक्के जास्त पाणी येते आणि टाकी लवकर भरते. पण त्याच वेळी क्षारही अधिक प्रमाणात पलीकडे निसटतात. पाणी गाळणारा पॉलिअमाइडचा थर एका मायक्रॉनपेक्षाही कितीतरी पातळ असून तो सच्छिद्र प्लास्टिकच्या आधारावर बसवलेला असतो. उष्णतेने मऊ पडलेला हा आधार पंपाच्या दाबाखाली दबला, की पाणी गार झाले तरी तो पूर्ववत होत नाही.

उन्हापेक्षाही घातक ठरते ते सोलर वॉटर हीटरचे पाणी, कारण ते ६० अंशांच्या वर सहज जाते. ते गार लाइनमध्ये दोन वाटांनी येते. पहिली वाट सोलरला गार पाणी पुरवणाऱ्या पाइपची. तिच्यावरच्या एनआरव्हीत, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेत, बोअरच्या जड पाण्याचा चुना साचला, तर झडप पूर्ण मिटत नाही आणि गच्चीवरची टाकी रिकामी होत आली की सोलरमधले पाणी उलटे उतरते. दुसरी वाट बाथरूममधल्या मिक्सरची, आणि तिच्याकडे प्लंबरचेही अनेकदा दुर्लक्ष होते. हँड शॉवरच्या टोकाचे बटण बंद केले, पण मिक्सरचे दोन्ही कॉक उघडेच राहिले, तर गरम आणि गार लाइन मिक्सरच्या आत एकमेकींना जोडल्या जातात. मग स्वयंपाकघरात आरओ सुरू होताच तो त्या जोडातून गरम पाणी ओढू लागतो.

दोष कुठे आहे हे रात्री दहानंतर तपासावे, कारण तोपर्यंत गच्चीवरचे पाइप बरेचसे निवलेले असतात, पण सोलरची टाकी गरमच असते. सिंकचा गार नळ काही मिनिटे सोडूनही पाणी गरमच येत राहिले, तर सोलरचा बाहेर जाणारा कॉक बंद करून पाहावे. त्यानंतर पाणी निवत गेले तर चूक मिक्सरची. तरीही गरमच राहिले तर एनआरव्ही काढून साफ करावा किंवा बदलावा. आरओच्या तोंडाशी एनआरव्ही बसवून काहीही साधत नाही, कारण तिथे गरम पाणी सरळ दिशेनेच येत असते. तो मिक्सरकडे जाणाऱ्या गार फाट्यावर हवा. नव्या घरात आरओसाठी टाकीपासून स्वतंत्र लाइन टाकणे सर्वांत चांगले.

उन्हावरचा उपाय स्वस्त आहे. टाकीवर शेड करावी, उघड्या पाइपला इन्सुलेशनची नळी चढवावी आणि आरओची टाकी पहाटे भरून घ्यावी. दुपारी इनलेट कॉक आणि वीज दोन्ही बंद ठेवावीत, कारण एक तांब्या पाणी काढले तरी यंत्र आपोआप सुरू होऊन तापलेले पाणी ओढते.

गरम पाणी आत गेल्याचे लक्षात आलेच, तर आधी इनलेट कॉक बंद करून आरओची टाकी रिकामी करावी. कार्बन फिल्टरने धरून ठेवलेले काही पदार्थ उष्णतेने सुटतात, म्हणून गार पाण्याने भरलेल्या पहिल्या दोन टाक्या पिण्यासाठी वापरू नयेत. फिल्टरच्या प्लास्टिकच्या डब्यांना तडे गेले आहेत का आणि सांध्यांतून पाणी झिरपते का, हेही पाहावे. दुसऱ्या दिवशी पहाटे आत येणाऱ्या आणि गाळलेल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मोजावा. आत येणारा आकडा नेहमीचाच असताना गाळलेल्या पाण्याचा आकडा पूर्वीपेक्षा बराच वाढून तसाच टिकला, तर मेंब्रेन बदलावे लागते. ते धुऊन किंवा दुरुस्त करून पूर्ववत होत नाही.