पोटापाण्याची कला: गोव्यात कलावंताला मोबदला कोणी दिला?

गोव्यात कला आणि विकास हा विषय निघाला की बोलणे बहुधा महोत्सवांपासून आणि पर्यटकांपासून सुरू होते. २००४ पासून पणजीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, म्हणून ते साहजिकही आहे. पण इथल्या कलेचे अर्थकारण त्याहून फार जुने आहे. ते कळायचे असेल तर एकच प्रश्न धरून मागे जावे लागते: गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला, मूर्ती घडवणाऱ्याला मोबदला कोण देत होते आणि कशाच्या रूपात?

सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या धाकाने साष्टीतले देव अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याच्या मुलखात, हलवले गेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. फोंडा १७६३ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हता, त्यामुळे थोड्या अंतरात बरीच संपन्न देवस्थाने एकवटली. प्रत्येकाला चौघडा, कीर्तन, पालखीपुढचे गाणे लागे. ही सेवा करणारी घराणी ठरलेली होती आणि मोबदलाही ठरलेला: कसायला जमीन, भात, नारळ, नैवेद्याचा वाटा. रोकड जवळजवळ नाही. सेवा सोडली की जमीन जाई. विद्या घरातच राहिली, पिढ्यान्‌पिढ्या मुरली, हे या व्यवस्थेचे देणे. त्याची किंमत मात्र बायकांनी मोजली. मुलीला शेंसविधीने देवाच्या सेवेला जोडले की लग्न, वारसा, बापाचे नाव यांतले काहीच तिच्या वाट्याला येत नसे. या दुसऱ्या बाजूवर पडदा टाकून पहिलीचे कौतुक करणे अन्यायाचे आहे.

बदल झाला तो मोबदल्याचे रूप बदलल्यामुळे. केरीच्या गायिका केसरबाई केरकर (जन्म १८९२) आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर (जन्म १९०४) मुंबईत अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकल्या. तिथे मैफलीची बिदागी रोख मिळे आणि त्या पैशावर देवस्थानाचा किंवा त्याचा कारभार पाहणाऱ्या महाजनांचा हक्क नव्हता. कमाई हातात आल्यावर तिचे काय करायचे हे कलावंत स्वतः ठरवू लागले. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, गोव्यातल्या हिंदूंना समान नागरी हक्क मिळाले, आणि राजाराम पैंगीणकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी शेंसविधी थांबवा, मुलींची लग्ने करा, मुलांना शाळेत घाला असा आग्रह धरला. त्यातून या सेवेकरी घराण्यांचा गोमंतक मराठा समाज उभा राहिला. गाण्याच्या पैशातून एका पिढीत शिक्षक, वकील, डॉक्टर घडले. मुक्तीनंतर १९६३ मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकर याच समाजातले.

मात्र प्रतिष्ठा हवी म्हणून अनेक घरांनी मुलींचे गाणेच बंद केले. कलेने समाज वर आला आणि वर येताना कला खाली ठेवावी लागली. केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. मोगूबाईंचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की गावाचे अवशेष दिसतात.

ख्रिस्ती वस्त्यांत वेगळी वाट होती. चर्चच्या शाळेतले मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजवता येणे ही पुढे नोकरी मिळवून देणारी विद्या ठरली. पोलीस बँड, जहाजे, मुंबईची हॉटेले, मग हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद, सगळीकडे गोंयकार वादक गेले. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत पहिला तियात्र, म्हणजे कोकणी संगीत-नाटक, झाला. तो पहिल्यापासून तिकिटावर उभा राहिला. आजही कंत्राटदार ठरलेल्या रकमेला प्रयोग विकत घेतो आणि तिकिटे खपवण्याची जोखीम स्वतःच्या अंगावर घेतो. म्हणूनच तियात्रावर पोट भरता येते.

मराठी उत्सवी नाटकाचे गणित याच्या अगदी उलट. प्रेक्षकाला ते फुकट. खर्च वर्गणीतून, उत्सवाच्या मानकऱ्यांकडून आणि पावणीतून निघतो. पावणी म्हणजे प्रसादाच्या फळांचा, नारळांचा लिलाव. गावातले नट पैसे घेत नाहीत, महिना-दीड महिना तालमी करतात. पैसा जातो तो बाहेरून आणलेल्या स्त्री-कलाकारांना, ऑर्गन-तबल्याच्या साथीला, पडदे, रंगभूषा, ध्वनी आणि प्रकाशाला. अडचण तिथीची. कार्तिक पौर्णिमेपासून शिगम्यापर्यंत (होळीच्या सणापर्यंत) जत्रा दाटलेल्या असतात. एका रात्री चार गावांत नाटक आले की साथीदार तेवढेच आणि मागणी चौपट. मग दर चढतो, नाही तर ऑर्गनवाला एका गावचे आटोपून दुसरीकडे धावतो आणि इकडे नाटक रखडते. तरीही या रंगमंचाने जे दिले त्याचे मोल मोठे आहे. पोर्तुगीज राजवटीत सरकारी शिक्षणाची मुख्य भाषा पोर्तुगीज होती, तेव्हा शुद्ध, लांब पल्ल्याची मराठी वाक्ये पाठ करून चारचौघांत बोलण्याचा सराव अनेकांना इथेच मिळाला.

१९७० मध्ये कला अकादमी स्थापन झाली आणि सरकार हा नवा यजमान आला. पणजीतल्या कांपालची तिची वास्तू वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची. पण वास्तूपेक्षा खोल परिणाम नाट्यस्पर्धा आणि भजन स्पर्धांनी केला असे आमचे मत आहे. स्पर्धेसाठी वर्षभर तालीम लागते, तालमीसाठी शिक्षक लागतो, आणि खेड्यातल्या पेटीवाल्याला कायमची शिकवणी मिळते. वास्तूंना सतत देखभाल लागते. जुलै २०२३ मध्ये नूतनीकरण चालू असतानाच अकादमीच्या खुल्या रंगमंचाचे छप्पर कोसळले.

देवस्थान, तिकीट आणि सरकार या तिन्हींवर मुळात न विसंबणारी एक जागा उरते: चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीच्या मूर्ती घडवण्याची, चित्रशाळा. घरचा माणूस आधी पाट नेऊन देतो, मूर्तीची उंची सांगतो. चवथीला मूर्ती नेताना तांदूळ, नारळ, विडा आणि पैसे ठेवतो. काम चिकणमातीचे. माती भिजवून, खडे काढून, मळून घ्यावी लागते. हात-सोंड अंगाला जोडताना दोन्हीकडची ओल सारखी नसेल तर सांध्याला चीर जाते. वेळ नेमकी आषाढ-श्रावणाची. हवा दमट, माती सुकत नाही, आणि आत ओल असताना रंग दिला की पोपडे सुटतात. प्लॅस्टर ऑफ पॅरिस साच्यात पाऊण तासाच्या आत घट्ट होते. मातीची मूर्ती सुकायलाच कित्येक दिवस घेते. म्हणून प्लॅस्टरवर गोव्यात बंदी असूनही ते शिरकाव करते, आणि म्हणून मातीच्या मूर्तीमागे सरकारी अनुदान द्यावे लागते. त्या अनुदानाने मातीचा खर्च भागायला मदत होते. पण मूर्तिकाराला पैसे लागतात ते ज्येष्ठात, माती आणि मदतनीस आणताना. पाट देताना घरोघरच्यांनी थोडी आगाऊ रक्कम दिली तर त्याची ती ओढाताण टळेल.