नेट गेलं की डीएनएस गेलं?

लॅपटॉपवर पान उघडेनासं झालं की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं: नेट गेलं. कोणीतरी उठून राउटरची पिन काढतं, पुन्हा लावतं, नेट येतं आणि संध्याकाळी परत जातं. असं चार-आठ दिवस चाललं की केबलवाल्याला फोन होतो. तो येतो, दिवे बघतो, ‘लाइन ओके आहे’ म्हणून निघून जातो. मग नवा राउटर येतो, नाहीतर थेट दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन. दुसऱ्या बाजूला थोडी माहितगार मंडळी असतात. त्यांच्याकडे कुठल्याही तक्रारीवर एकच औषध असतं: ‘डीएनएस बदल, ८.८.८.८ टाक.’ (डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी व्यवस्था, आणि ८.८.८.८ हा गुगलच्या अशा सेवेचा पत्ता.) दोघांचीही चूक एकच आहे. जोडणी तुटणं आणि नावाचा पत्ता न सापडणं हे दोन वेगळे बिघाड आहेत. ब्राउझरमध्ये ते सारखे दिसतात म्हणून एकाचं औषध दुसऱ्याला दिलं जातं, आणि लॅपटॉप होता तसाच राहतो.

सोपा भाग आधी उरकतो. वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या असणं म्हणजे इंटरनेट असणं नव्हे, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. त्या रेघा लॅपटॉप आणि राउटर यांच्यातल्या सिग्नलबद्दल बोलतात, पलीकडचं त्यांना काही कळत नाही. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा, म्हणजे सिग्नल हरवल्याचा, दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच पोहोचत नाहीये. अशा वेळी लॅपटॉपशी झटापट करू नका, तक्रार नोंदवा. खरा गोंधळ होतो तो सगळे दिवे हिरवे असताना, वाय-फाय जोडलेलं असताना.

वेबसाइटचं नाव टाइप केलं की लॅपटॉप लगेच तिच्याकडे जात नाही. तो आधी डीएनएस सर्व्हरला विचारतो: या नावाचा आकडी पत्ता काय? उत्तर मिळालं की मगच खरी जोडणी सुरू होते. ही व्यवस्था १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी मांडली. त्याआधी अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरच्या, यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट ती फाइल सांभाळत असे आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. यंत्रं वाढत गेली तशी ही पद्धत अपुरी पडली. त्या फाइलचा वारस अजून तुमच्या विंडोजमध्ये आहे: सिस्टम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, त्यात होस्ट्स. एखादीच वेबसाइट कधीही उघडत नसेल आणि बाकी सगळं सुरळीत असेल तर तिथे डोकावून पाहा. त्या फाइलमध्ये एखाद्या नावापुढे काही लिहिलेलं असेल तर विंडोज बाहेर विचारायलाच जात नाही.

सदाशिव पेठेत रस्ता मोकळा आहे, गाडी धड आहे, पण घर विचारायचं तर कोपऱ्यावरचं दुकान बंद आहे: डीएनएस गेल्यावर लॅपटॉपची अशी गत होते. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी हे फार मोठ्या प्रमाणावर घडलं. डाइन या डीएनएस पुरवणाऱ्या कंपनीवर मिराय बॉटनेटचा, म्हणजे दुरून ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेचा, हल्ला झाला. वेबकॅमेरे, डीव्हीआर अशा घरगुती यंत्रांत घुसून ही फौज उभी केलेली होती. ट्विटर, रेडिट, नेटफ्लिक्स असंख्य लोकांना मिळेनासे झाले. त्यांचे स्वतःचे सर्व्हर चालू होते, लोकांची नेट कनेक्शनंही चालू होती, पण नावावरून पत्ता मिळत नव्हता.

आता मुख्य मुद्दा. लाइन गेली की डीएनएसही जातं, कारण पत्ता विचारणारा प्रश्नही त्याच लाइनवरून जातो. उलट मात्र घडत नाही: डीएनएस गेलं म्हणून लाइन जात नाही. त्यामुळे कुठलाही बिघाड झाला तरी ब्राउझर बहुतेकदा पहिल्याच पायरीवर, म्हणजे पत्ता विचारतानाच अडकतो आणि पडद्यावर ‘डीएनएस’ ही अक्षरं असलेला संदेश दाखवतो. माहितगार मंडळी तो संदेश वाचून डीएनएस बदलतात, जेव्हा प्रत्यक्षात लाइन तुटलेली असते. बाकीचे संदेश वाचतच नाहीत. क्रोममध्ये पानाच्या खालच्या बाजूला बारीक करड्या अक्षरांत तो लिहिलेला असतो, आणि मदत मागणारे नेमका तेवढा भाग कापून फोटो पाठवतात. कृपया तो कापू नका. ‘इंटरनेट डिसकनेक्टेड’ असेल तर लॅपटॉपला नेटवर्कच नाही. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असेल तर पत्ता सापडला होता, त्या पत्त्यावरून उत्तर आलं नाही. ‘नेम नॉट रिझॉल्व्हड’ किंवा ‘डीएनएस प्रोब’ असेल तर मात्र संदेशावरून निकाल लावता येत नाही. पुढे तपासावंच लागतं.

तपासण्याआधी लक्षणं पाहा, कारण डीएनएसचा बिघाड क्वचितच सगळं एकदम बंद पाडतो. झूमवर मीटिंग चालू आहे, आवाज स्पष्ट येतोय आणि त्याच वेळी नवा टॅब उघडत नाही, तर लाइन शाबूत आहे. मीटिंगची जोडणी आधीच झालेली असते, तिला पुन्हा पत्ता विचारावा लागत नाही. (यूट्यूबवरून मात्र निष्कर्ष काढू नका. पुढचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असल्याने लाइन तुटल्यावरही व्हिडिओ थोडा वेळ पळत राहतो.) ‘गुगल उघडतं, बाकी काही नाही’ ही तक्रारही याच घराण्यातली. एकदा मिळालेला पत्ता लॅपटॉप ठरावीक मुदतीपर्यंत लक्षात ठेवतो. ती मुदत काही सेकंदांपासून दिवसभरापर्यंत कितीही असू शकते, त्यामुळे नेहमीच्या साइट चालतात आणि आज प्रथमच उघडलेली साइट अडते.

तिसरं लक्षण सगळ्यात फसवं आहे. लॅपटॉपला सहसा दोन डीएनएस सर्व्हर दिलेले असतात. पहिला मुका झाला तर लॅपटॉप थोडा थांबतो आणि दुसऱ्याला विचारतो. पान कितीतरी वेळ पांढरं राहतं आणि मग एकदम भरतं. आजकालचं एक बातमीचं पान चित्रं, फाँट, जाहिराती मिळून कितीतरी वेगवेगळ्या नावांकडून माल आणतं, म्हणून अर्धं पान येतं आणि अर्धं लटकतं. लोक याला ‘स्लो नेट’ म्हणतात. स्पीड टेस्ट लावली तर पूर्ण वेग दिसतो, कारण ती एकदा जोडणी झाल्यावरचा वेग मोजते. तरीही घरात जास्त एमबीपीएसचा प्लॅन घेतला जातो. हे पैसे निव्वळ वाया जातात.

आणि राउटर बंद-चालू केल्यावर बरं का होतं? लॅपटॉप वाय-फायला जोडला गेला की राउटर त्याला तीन गोष्टी देतो: लॅपटॉपसाठी एक पत्ता, बाहेर जायचं दार आणि डीएनएस सर्व्हर. घरगुती राउटर बहुतेकदा डीएनएस म्हणून स्वतःचाच पत्ता देतो, म्हणजे १९२.१६८.१.१ किंवा तसलाच. लॅपटॉपचे प्रश्न घेऊन तो ते पुढे कंपनीच्या सर्व्हरकडे ढकलतो. स्वस्त राउटरमधला हे काम करणारा भाग अडकतो, आणि रीस्टार्ट केल्यावर मोकळा होतो. ‘रीस्टार्टने बरं झालं, म्हणजे लाइनच खराब होती’ हा निष्कर्ष मला सगळ्यात जास्त खटकतो. रीस्टार्टने वाय-फाय, लाइनवरचं लॉगिन आणि डीएनएस तिन्ही नव्याने सुरू होतात. त्यातलं कोणतं बिघडलं होतं याचा पुरावा त्यात पुसला जातो. विंडोजमधल्या ‘नेटवर्क रीसेट’चंही तेच. त्यात जतन केलेले वाय-फाय पासवर्डही जातात. तो पहिला उपाय म्हणून सुचवणाऱ्यांचं ऐकू नका.

बिघाड ये-जा करत असेल तर तपासही त्याच क्षणी हवा. म्हणून आधीपासून सापळा लावून ठेवा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या, म्हणजे कमांड टाइप करायच्या, दोन खिडक्या उघडा. कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत लिहायची. एकीत पिंग (पलीकडचं यंत्र उत्तर देतं का ते विचारणारी कमांड), जागा सोडून राउटरचा पत्ता, पुन्हा जागा सोडून वजाचं चिन्ह आणि टी. दुसरीत तेच, पण पत्ता ८.८.८.८. राउटरचा पत्ता आयपीकॉन्फिग ही कमांड ‘डीफॉल्ट गेटवे’पुढे दाखवते. मॅकवर टर्मिनलमध्ये वजा-टी लागत नाही, पिंग आपोआप चालू राहतं. दोन्ही खिडक्या कोपऱ्यात चालू ठेवून आपलं काम करा. ब्राउझिंग अडलं की आधी त्यांच्याकडे बघा, राउटरकडे धावू नका.

राउटरची ओळच ‘टाइम्ड आउट’ म्हणत असेल तर बिघाड लॅपटॉप आणि राउटर यांच्या मधला आहे. राउटर उत्तर देतोय पण ८.८.८.८ देत नाही, तर लाइन गेली. दोन्ही ओळी सुरळीत पळत आहेत आणि तरी पान उघडत नाही, तर बहुधा नावाचा पत्ता सापडत नाहीये. इथे आकड्यावर पिंग करण्याला महत्त्व आहे, कारण आकड्याला डीएनएस लागतच नाही. वेबसाइटच्या नावाला पिंग करून ‘नेट नाही’ म्हणणाऱ्यांनी दोन्ही बिघाड पुन्हा एकात मिसळलेले असतात. एक सावधगिरी: काही ऑफिस आणि कॉलेजांच्या नेटवर्कवर पिंग अडवलेलं असतं, तिथे हा सापळा उपयोगाचा नाही. आणि ‘फोनवर तर चालतंय’ हा पुरावा फोनचा मोबाइल डेटा बंद केल्याशिवाय धरू नका. अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ची सोयही आहे, त्यामुळे तोच वाय-फाय वापरूनही फोन पत्ता दुसरीकडे विचारत असू शकतो.

डीएनएसवर संशय आला की तिसरी, थेट डीएनएसला पत्ता विचारणारी कमांड: एनएसलुकअप, एकच शब्द, आणि पुढे आज न उघडलेल्या एखाद्या वेबसाइटचं नाव. मग तीच कमांड पुन्हा, शेवटी जागा सोडून ८.८.८.८ जोडून. पहिली अडकली आणि दुसरी चालली, तर राउटरचा किंवा कंपनीचा डीएनएस आजारी आहे. दोन्ही अडकल्या पण आकड्याचं पिंग चालू आहे, तर लॅपटॉपमधलं काहीतरी वाट अडवतंय का ते पाहा: अँटिव्हायरसचं वेब संरक्षण, फायरवॉल, अर्धवट बंद झालेला व्हीपीएन. दोन्ही चालल्या आणि ब्राउझर तरी रुसलेलाच आहे, तर प्रॉक्सी सेटिंग, एक्स्टेन्शन आणि ब्राउझरचा स्वतःचा ‘सिक्युअर डीएनएस’ तपासा. ‘नॉन-एक्झिस्टंट डोमेन’ असं उत्तर आलं तर सर्व्हर जिवंत आहे, बहुधा तुम्हीच नाव चुकीचं टाइप केलंय.

एवढं झाल्यावरच ८.८.८.८ची पाळी येते. गुगलने ही सार्वजनिक सेवा डिसेंबर २००९ मध्ये सुरू केली, क्लाउडफ्लेअरने १.१.१.१ ही एप्रिल २०१८ मध्ये. दोन्ही चांगल्या आहेत. त्यांच्यामुळे डाउनलोडचा वेग वाढतो ही मात्र अंधश्रद्धा आहे. बदल करायचा तर तो घरच्या राउटरमध्ये करावा, लॅपटॉपमध्ये नाही, हे माझं ठाम मत आहे. लॅपटॉप बाहेर जातो. हॉटेल किंवा विमानतळाच्या वाय-फायवर लॉगिनचं पान पुष्कळदा तिथल्या डीएनएसच्या आधाराने समोर येतं. तुम्ही पत्ता ठोकून बसवला असेल तर ते पान येतच नाही आणि नवीनच ‘नेट गेलं’ सुरू होतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर तर हे अजिबात करू नका. कंपनीच्या अंतर्गत साइटची नावं फक्त कंपनीच्या डीएनएसला माहीत असतात.

राउटरमध्ये बदल करूनही फरक पडत नसेल तर आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटवरच्या आकडी पत्त्यांची नवी पद्धत, पाहा. आपल्याकडे बऱ्याच कनेक्शनवर आता आयपीव्ही६ येतं, आणि त्याचा डीएनएस वेगळ्या रकान्यात असतो. वरच्या रकान्यात ८.८.८.८ टाकलं तरी लॅपटॉप खालच्या रकान्यातल्या आजारी सर्व्हरला विचारत राहतो. तिथे गुगलचाच २००१:४८६०:४८६०::८८८८ टाका. मग आयपीकॉन्फिग, जागा, तिरकी रेघ आणि फ्लशडीएनएस ही कमांड एकदा चालवा, म्हणजे लॅपटॉपमधली जुनी उत्तरं पुसली जातील.

आणि बिघाड लॅपटॉप-राउटर यांच्या मधला निघाला तर यातलं काहीही करू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय अडॅप्टरच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी असते, ती खूण काढा. लॅपटॉप थोडा वेळ पडून राहिल्यावरच नेट जात असेल तर बहुधा तीच कारणीभूत असते. मायक्रोवेव्ह चालू असतानाच जात असेल तर २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडा.

लाइनच दोषी ठरली तर तक्रार करताना ‘नेट सारखं जातं’ एवढंच सांगू नका. ‘राउटरला पिंग चालू आहे, ८.८.८.८ ला बंद आहे, अमुक वाजून अमुक मिनिटांनी’ असं सांगा आणि खिडकीचा फोटो जोडा. ‘लॅपटॉप फॉरमॅट करून बघा’ हे उत्तर त्यानंतर देता येत नाही.