मॉर्फिन म्हणजे शेवटची गोळी? नाही!

खर्र्यानं, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणानं, तोंडाचा कॅन्सर झालेले पेशंट विदर्भातल्या खेड्यांत काही कमी नाहीत. जबर दुखण्यावरची मॉर्फिनची गोळी लिहून दिली की घरचे हबकतात, "डॉक्टरनं हात टेकले जी." चुकीचा समज आहे. मॉर्फिन दुखणं किती आहे त्यावर ठरतं, दिवस किती उरलेत त्यावर नाही. मॉर्फिनची साधी गोळी चारेक तास पुरते. म्हणून घड्याळ पाहून घ्यायची, पेशंट विव्हळेपर्यंत थांबायचं नाही. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतं, त्यावरचं औषध डॉक्टरांकडून सोबतच मागून घ्या.

बोस्टनमधल्या फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं आणि इतर त्रास कमी करणारी देखभाल, मिळालेल्यांपैकी निम्मे ११.६ महिन्यांहून जास्त जगले. इतरांत हाच आकडा ८.९. उदासीही कमी होती.