सूक्ष्म रंगीत पतंगांचे निरीक्षण (खानदेश)

पंखांचा विस्तार साधारण तीन-चार सेंटीमीटरच्या आत असलेले रंगीत पतंग शोधणे, भिंगातून न्याहाळणे व त्यांची नोंद ठेवणे. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत पहिल्या पावसापासून कापूस वेचणी सुरू होईपर्यंतचा काळ यासाठी उत्तम.

रात्री पतंग यावेत म्हणून दिवा लावण्याआधी झाडे ओळखावीत. कित्येक देखणे पतंग दिवसाच आपल्या खाद्यवनस्पतीपाशी सापडतात. महारुखाच्या पानांत अळ्यांची जाळी दिसली की जवळपास अट्टेव्हा हा पतंग शोधावा. नारिंगी पंखांवर पांढरे ठिपके असतात, आणि बसताना तो पंख अंगाभोवती गुंडाळतो. पडीक रानातल्या खुळखुळ्याच्या झुडपांतून चालताना पायापाशी युटेथीसा उडतो: पांढऱ्यावर तांबडे-काळे ठिपके. अळीपणी खाल्लेल्या झाडाचे विष अंगात उरते, म्हणून पक्षी त्याला टाळतात. तांदुळजावर सेंटीमीटरभरही लांब नसलेला, लाल पोटाचा एरेटमोसेरा फिरतो. तो घाईत हमखास निसटतो. भरिताच्या वांग्याचे शेंडे सुकवणाऱ्या अळीचा पतंगही पाहण्याजोगा आहे: पांढऱ्या पंखांवर गुलाबी-तपकिरी नक्षी आणि बसताना वर उचललेले पोटाचे टोक.

रात्री दोन काठ्यांना पांढरी सुती चादर ताणून बांधावी. खालचा दीड-दोन फूट भाग जमिनीवर पसरावा, कारण लहान पतंग बहुधा तिथेच उतरतात. दिव्यासाठी अतिनील प्रकाशाची नळी सर्वांत चांगली; पिवळ्या एलईडीत अतिनील प्रकाश जवळजवळ नसल्याने चादर रिकामी राहते. अमावास्येच्या आसपासची ढगाळ, दमट, वारा पडलेली रात्र निवडावी. वारा असला तर सूक्ष्म पतंग उडतच नाहीत. यावल अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय दिवा लावू नये.

रंग पाहण्यासाठी दहापट भिंग घ्यावे आणि बॅटरी बाजूने, तिरपी धरावी. धातूसारखी चमक पंखांवरच्या बारीक खवल्यांच्या रचनेतून येते. समोरून फ्लॅश पडला की ती पांढरी फटक दिसते. फ्लॅशवर टिश्यू कागद लावावा, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवावी, वरून व बाजूने असे दोन फोटो घ्यावेत. चिमटीत धरू नये, खवले बोटाला लागतात. फोटोवरून जात ठरत नसेल तर कुळापर्यंतच नोंद करावी. अनेक सूक्ष्म पतंगांची जात जननेंद्रिये तपासूनच कळते.

अकरा-बाराच्या सुमारास दिवा बंद करून चादर हलकेच झुडपांवर झटकावी. ती पहाटेपर्यंत तशीच राहिली तर उजाडताच कोतवाल पक्षी येऊन चादरीवर बसलेले पतंग टिपतात.