फायबरमधला प्रकाश प्रकाशाच्या वेगाने धावत नाही

‘फायबर घेतलंत म्हणजे डेटा थेट प्रकाशाच्या वेगाने’ असं जाहिरातीपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे वाचायला मिळतं. अर्धंच खरं. सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर हा वेग निर्वात पोकळीतला. काचेचा अपवर्तनांक (ती प्रकाशाला किती पट मंदावते तो आकडा) जवळपास १.४७, त्यामुळे फायबरमध्ये हा वेग २ लाखांच्या आसपास येतो. मुंबई-लंडन हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. केबल अगदी सरळ टाकली (तशी ती कधीच नसते!) तरी जाऊन-येऊन ७२ मिलिसेकंद लागणारच. प्लॅन कितीही महागाचा घ्या, एमबीपीएस वाढतील, हे ७२ काही कमी होणार नाहीत.

मग काचच काढून टाकली तर? पोकळ गाभ्याच्या फायबरमध्ये नेमकं हेच केलंय. मधे नुसती हवा, भोवती एकात एक बसवलेल्या अतिशय पातळ काचेच्या नळ्यांचं कडं. त्या भिंती प्रकाशाला बाहेर फुटू देत नाहीत. वेग जवळजवळ पूर्ण ३ लाख. अडचण होती प्रकाशाच्या गळतीची. साउथॅम्प्टन विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२५ मध्ये ती किलोमीटरमागे ०.०९१ डेसिबलवर आणली. म्हणजे प्रकाश निम्मा व्हायला सुमारे ३३ किलोमीटर लागतात. उत्तमातल्या उत्तम काचेत तो २१-२२ किलोमीटरमध्येच निम्मा होतो.

घरी येणारी वायर मात्र अजून काचेचीच. पोकळ फायबर सध्या प्रामुख्याने डेटा सेंटर जोडायला वापरतात.